वय ५१, मराठीत पीएचडी करायचीय, विषय आखाजीची गाणी. आता सुरू करावी का?

पारोळ्याची_ताई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वाचा आणि मोकळेपणाने सांगा. मी पारोळा तालुक्यात एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वय ५१ पूर्ण. एमए मराठी १९९८ ला केलं, आपल्याच विद्यापीठातून, तेव्हा नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणायचे, बहिणाबाईंचं नाव २०१८ ला लागलं. ५७ टक्के होते. मग बीएड, नोकरी, लग्न, दोन मुलं, सासऱ्यांचं आजारपण, आणि वर्षं कुठे गेली कळलंच नाही. आता मुलगी पुण्यात नोकरीला लागली, मुलगा शेवटच्या वर्षाला आहे, आणि पहिल्यांदाच संध्याकाळचा वेळ माझा मला मिळतोय.

विषय डोक्यात पक्का आहे, आखाजीची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेची, आणि गौराईची अहिराणी गाणी. माझं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं. आमच्याकडे आखाजीला माहेरवाशिणी आल्या की निंबाला झोके बांधायचे आणि उन्हं उतरली की गाणी सुरू व्हायची ती पार रात्रीपर्यंत, एकीने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. आता झोके बांधतात पण शेजारी स्पीकर लावतात. ही गाणी पूर्ण येणाऱ्या म्हाताऱ्या गावात बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या, त्यात माझी मोठी काकू सगळ्यात जास्त जाणणारी, पंच्याऐंशीच्या पुढची आहे. मागच्या आखाजीला तिला ओसरीवर खुर्चीत बसवलं, मोबाईल समोर ठेवला आणि म्हटलं काकू म्हण, तर दोन ओळींच्या पुढे तिला काही आठवेना. मग पुतण्याने उचलून झोक्यावर बसवलं आणि हळूहळू हलवायला लागला, तर जी सुरू झाली ती थांबेचना, एक संपलं की दुसरं, श्वास पण घ्यायची ती झोका मागे जाताना. तेव्हापासून मला चैन नाहीये.

पगार वाढावा म्हणून नाही करायचंय, प्रमोशनसाठी तर नाहीच, निवृत्ती ५८ ला आहे. घरचे अडवत नाहीत पण मिस्टर म्हणतात आता डोळ्याला चष्मा लागला, गुडघे दुखतात, हे कशाला ओढवून घेतेस. स्टाफरूममध्ये विचारलं तर एक सर म्हणाले मॅडम ह्या वयात गाईड मिळतो का. तर विचारायचं हे की नोकरी सांभाळून होतं का, परीक्षा द्यावी लागते का, वयाची अट असते का, आणि मुख्य म्हणजे ज्यांनी पन्नाशीनंतर केलीय त्यांना मनापासून काय वाटतं.

चाळीसगावची_लेक

ताई, मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मी ४४ व्या वर्षी रजिस्ट्रेशन केलं होतं आणि चार वर्षांनी सोडलं. विषय वाईट नव्हता, माझी तयारी पण होती, गाईडने दमवलं. चॅप्टर नेऊन दिला की सहा-सहा महिने बघायचेच नाहीत, फोन केला की या रविवारी, गेलं की घरी नाहीत, आणि मधेच त्यांच्या कॉलेजच्या सेमिनारची पत्रिका टाईप करा, पाहुण्यांना स्टेशनवरून आणा अशी कामं. पंचविशीतली पोरं हे सहन करतात कारण त्यांना पुढे नोकरी लागायची असते. आपण का करायचं?

तुम्हाला गाणी वाचवायचीत ना, मग वाचवा की. त्याला पीएचडी कशाला लागते? गावोगाव फिरा, रेकॉर्ड करा, चांगलं पुस्तक काढा. पीएचडीला लागलात तर निम्मा वेळ फॉर्म, प्रगती अहवाल, सही, शिक्का, फी, प्रेझेंटेशन यातच जाईल आणि तोवर काकू असतील नसतील. हे मी कडवटपणाने नाही सांगत, मला तुमचा विषय खरंच आवडला म्हणून सांगतेय.

पांझराकाठ

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, नोकरीत असतानाच इतिहासात नोंदणी केली आणि ६१ व्या वर्षी पदवी मिळाली. विषय होता पांझरेवरची फड पद्धत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, फड आळीपाळीने बदलायचे, पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि हे सगळं गावाने मिळून चालवायचं. शेकडो वर्षं चाललेली व्यवस्था आहे. नोकरीत सगळं आयुष्य पाण्याच्या मोजमापात गेलं होतं म्हणून मला तो पाट बघितला की कळायचं की उतार असा का दिलाय. माझ्याबरोबरच्या तरुण मुलांना कागद माझ्यापेक्षा चांगला वाचता यायचा पण पाट वाचता येत नव्हता. उशिरा करण्याचा खरा फायदा हा आहे ताई, आणि तुमच्याकडे तो आहे. झोक्यावर बसवल्याशिवाय काकूला गाणं आठवत नाही, हे बाहेरून येणाऱ्या पंचवीस वर्षांच्या संशोधकाला दिसलंच नसतं, त्याने खुर्चीतल्या दोन ओळी घेतल्या असत्या आणि लिहिलं असतं की परंपरा नष्ट झाली.

त्रास झाला का, झाला. मोडी शिकावी लागली, कारण धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात कागद बघायचे तर त्याशिवाय काही खरं नाही. पन्नाशीनंतर नवी लिपी डोक्यात बसायला वेळ लागतो, सकाळी घोटलेलं अक्षर संध्याकाळी परकं वाटायचं. पण बसते. १८८० चं खानदेश गॅझेटिअर इंग्रजीत, ते मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. गाईड माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते, मी त्यांना सर म्हणायचो, ते मला नाना म्हणायचे, आणि कधी अडचण आली नाही कारण पहिल्याच भेटीत मी सांगितलं होतं की खात्यात मी कोण होतो ते दाराबाहेर ठेवून आलोय.

चाळीसगावच्या ताईंनी जे सोसलं ते खरं आहे, असे लोक आहेत. पण पुस्तक आणि प्रबंध यात फरक पडतो. पुस्तक मी एकट्याने लिहिलं असतं तर जे मला आवडलं तेवढंच लिहिलं असतं. प्रबंधात दर वेळी कोणीतरी समोर बसून विचारतं की हे कशावरून, आणि त्या कशावरूनमुळे माझी निम्मी ठाम मतं गळून पडली आणि उरलेली पक्की झाली.

मराठी_विभाग

मी एका कॉलेजमध्ये मराठी शिकवतो, गाईड आहे, त्यामुळे नियमांचं मी लिहितो. बऱ्याच जणांना जुने नियमच माहीत असतात, आता जे चालतं ते यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या रेग्युलेशनप्रमाणे.

वयाची अट पीएचडीला नाही. एमएला ५५ टक्के लागतात, एससी, एसटी, नॉन क्रिमीलेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्के सूट. तुमचे ५७ आहेत, प्रश्न मिटला. वयाची मर्यादा जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीला असते, तीच लोकांच्या डोक्यात बसलेली असते. नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, द्यायला ती आड येत नाही.

नोकरी करून पार्ट टाईम पीएचडी करता येते, हे २०२२ च्या नियमात स्पष्ट लिहिलंय. त्यासाठी संस्थेची एनओसी लागते, आणि एनओसीत मोघम ना हरकत चालत नाही. उमेदवाराला पार्ट टाईम शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल, ह्या तिन्ही गोष्टी त्यात यायला हव्यात. मुख्याध्यापकांकडे आणि संस्थेच्या सेक्रेटरींकडे आधीच बोलून ठेवा, शेवटच्या आठवड्यात हा कागद अडतो आणि वर्ष जातं. दूरस्थ किंवा ऑनलाईन पीएचडी मात्र मान्य नाही, तशी जाहिरात कोणी दाखवली तर लांब राहा.

प्रवेश परीक्षा आहे. २०२४ पासून नेटचा स्कोअर पीएचडी प्रवेशाला धरतात, ७० टक्के वजन परीक्षेला आणि ३० टक्के मुलाखतीला, आणि जेआरएफ नसेल तर तो स्कोअर एक वर्षच चालतो. काही विद्यापीठं स्वतःची पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षा, पण घेतात, तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर. आपल्या विद्यापीठाचं यंदाचं नोटिफिकेशन साइटवर बघा, दुसऱ्याच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका. प्रवेश झाला की कोर्सवर्क, १२ ते १६ क्रेडिट, त्यात ५५ टक्के लागतात. मग दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे काय केलं ते सांगायचं.

आता मुदतीचा हिशोब, तुमच्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर अजून दोन वर्षांची सवलत, म्हणजे फार फार तर दहा. तुम्ही ५२ व्या वर्षी प्रवेश घेतला तर सहा वर्षं म्हणजे बरोबर निवृत्ती. पण तुमच्या वयाआधी गाईडचं वय बघा. आपल्याकडे कॉलेजचे प्राध्यापक ६० ला निवृत्त होतात आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली की नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे ५७ च्या पुढचे गाईड तसेही हातचे गेले. ५५-५६ चे मिळाले तर ते तुमच्या मध्यावर निवृत्त होतील, नंतर सहमार्गदर्शक राहू शकतात पण धावपळ वाढते. पन्नाशीच्या आतले बघा. शिवाय जागा मोजक्या असतात, प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार, त्यामुळे "माझ्याकडे जागा नाही" असं कोणी म्हटलं तर ते तुमच्या वयावरून म्हणताहेत असं धरून चालू नका, बहुतेक वेळा खरोखरच जागा नसते.

आणि गाईडकडे जायच्या आधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा. शोधगंगा म्हणजे प्रबंधांचा ऑनलाईन संग्रह, त्यावर जाऊन त्यांच्या हाताखालचे प्रबंध काढा, किती पूर्ण झाले, कसे झाले ते दिसतं. चाळीसगावच्या ताईंसारखा अनुभव तिथेच टाळता येतो.

जिभाऊ_शिरपूर

ताई, भलतं भारी काम शे हाई, करी टाका. तुम्ही वयाचं काय विचारू राहिले भो, आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला सुरू होतं, तुमचं पण यंदाच्या आखाजीलाच सुरू करा.

एक विचारायचं होतं, आखाजीची गाणी शिरपूरकडे वेगळी आहेत, आमच्या आईच्या तोंडी आहेत थोडीफार, ती तुम्हाला चालतील का? का फक्त शिंदखेड्याची घेणार? आणि वरती सातपुड्याच्या पायथ्याला पावरा लोकांची गाणी तर अजूनच वेगळी, ती भाषाच वेगळी.

पारोळ्याची_ताई

सगळ्यांचे खूप आभार. खरं सांगते, चाळीसगावच्या ताईंचं वाचून रात्री झोप लागली नाही, आणि सरांचं वाचून उठून कागदावर हिशोब मांडला. जिभाऊ, आईंची गाणी नक्की हवीत, मी येईन शिरपूरला, पण घेणार काय आणि सोडणार काय हे मलाच अजून कळत नाहीये.

सर, तुम्हाला एक विचारते. मी शोधगंगा उघडलं तर अहिराणी लोकगीतांवर आधीच काम झालेलं दिसलं आणि पोटात गोळाच आला, मग मी नवीन काय करणार? दुसरं, इंग्रजी माझं यथातथाच आहे, आणि कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग मोबाईलसारखं जमत नाही.

मराठी_विभाग

झालेलं काम बघून घाबरू नका, ते वाचा. पहिला चॅप्टर त्यातूनच उभा राहतो. बहुतेक कामांमध्ये गाण्यांचा संग्रह असतो आणि मग वर्गीकरण, सणांची गाणी, लग्नाची, बाळंतपणाची, असं. मजकूर कागदावर येतो पण तो कसा म्हटला जातो ते राहून जातं. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये तुमचा प्रश्न लिहून बसलात आणि तुम्हालाच दिसला नाही. काकूला खुर्चीत आठवत नाही आणि झोक्यावर आठवतं. श्वास झोका मागे जाताना घेते. म्हणजे ओळीची लांबी झोक्याच्या हेलकाव्यावर बेतलेली आहे का? एकीने टाकलेली ओळ बाकीच्या उचलतात त्या वेळात झोका कुठे असतो? झोका थांबला की गाणं मोडतं का? हीच गाणी जात्यावर म्हटली तर ओळ लांबते का आखूड होते? हा संशोधनाचा प्रश्न आहे. "आखाजीच्या गाण्यांचा अभ्यास" हे नुसतं शीर्षक झालं, त्यावर समिती तुम्हाला पहिल्याच दिवशी अडवेल आणि बरोबर अडवेल.

जिभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर पण त्यातूनच निघतं. भूगोल आखूड ठेवा, शिंदखेडा आणि शिरपूर, दोनच तालुके, तापीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक. पावरा गाणी सोडा, ती तुमच्या कानाची भाषा नाही, त्यांच्यातल्याच कोणी करावं.

इंग्रजीचं म्हणाल तर प्रबंध मराठीत लिहायचाय. पण वाचावं थोडं लागेलच. ग्रियर्सन या भाषा अभ्यासकाच्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग, १९०७ चा, त्यात खानदेशी, म्हणजे अहिराणी धरून, आहे आणि ती भिल्ल भाषांबरोबर ठेवलीय. २०११ च्या जनगणनेत खानदेशी मराठीपासून वेगळी मोजलीय, बोलणारे १८ लाखांच्या वर. अहिराणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा यावर तुम्हाला व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, विचारणारच, तेव्हा दोन्ही बाजू माहीत असू द्या. आणि एक, बहिणाबाईंची भाषा लेवा बोली, तिला अहिराणीत मिसळू नका, जळगाव जिल्ह्यातले परीक्षक ते पहिल्यांदा पकडतात. पण बहिणाबाईंची आठवण ठेवा. त्यांना लिहिता येत नव्हतं, १९५१ ला त्या गेल्या, गाणी राहिली ती त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी वेळेवर उतरवून ठेवली म्हणून.

टायपिंग शिकता येतं, मोबाईलवर बोलून पण मजकूर होतो, पण अहिराणी बोललात तर तो मराठी करून टाकतो, त्यामुळे गाणी हातानेच टाईप करा. "पैसे द्या, थिसिस लिहून देतो" म्हणणारे भेटतील, कॉलेजच्या गेटजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे पण नंबर मिळतो. तुमच्या वयाच्या नोकरदारांना ते आधी गाठतात कारण वेळ नसतो आणि पैसे असतात. ती जी गाणी फक्त काकूच्या तोंडात आहेत ती त्यांच्याकडे कुठून येणार.

चाळीसगावची_लेक

सरांचा हा झोक्याचा प्रश्न वाचला आणि मी माझं मत थोडं बदलते. हे पुस्तकाने होणार नाही, ह्याला खरंच कोणीतरी विचारणारं लागेल. पण ताई, माझी एक गोष्ट तेवढी ऐका. काकू तुमच्या नोटिफिकेशनची वाट बघणार नाहीत. परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क, सिनॉप्सिस, समिती, यात सहज वर्ष-दीड वर्ष जातं. रेकॉर्डिंग आजपासून सुरू करा, प्रवेश मिळो न मिळो. नोंदणीआधी गोळा केलं तर चालतं ना सर?

मराठी_विभाग

चालतं, आणि करायलाच हवं. फक्त पहिल्या दिवसापासून शिस्तीत करा नाहीतर नंतर ते वापरता येत नाही. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तुमच्याच आवाजात तारीख, गाव, म्हणणारीचं नाव आणि अंदाजे वय बोला. तिची परवानगी घ्या, लिहिता येत नसेल तर रेकॉर्डवर बोलून घ्या, आणि हे विद्यापीठात जाईल, नेटवर लोक वाचतील हे तिला समजेल असं सांगा, कारण प्रबंध शेवटी शोधगंगावर जातो आणि कोणीही उघडून बघू शकतं. म्हणणाऱ्या बायांची नावं प्रबंधात आली पाहिजेत, "एक वृद्ध महिला" असं लिहू नका, गाणं तिचं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिचं सासर आणि माहेर दोन्ही गावं लिहा. बाई आता शिंदखेड्यात राहत असेल पण गाणं साक्रीहून किंवा अमळनेरहून लग्नात बरोबर आलेलं असतं. हे नाही लिहिलं तर सगळा नकाशा चुकतो.

झोक्याचा प्रश्न धरायचा तर नुसता आवाज पुरणार नाही, व्हिडिओ घ्या, मोबाईल स्टँडवर लांब ठेवून, झोका आणि चेहरा दोन्ही दिसतील असा. लिहून काढताना "डोया" चं "डोळा" करू नका, जसं म्हटलं तसंच, आणि जिथे अडखळली तिथे अडखळली असं लिहा. मूळ फाईल कापायची नाही, कॉपीवर काम करायचं, आणि एक कॉपी घराबाहेर मुलीकडे पुण्याला ठेवा.

पांझराकाठ

यात माझी एक भर. ओव्यांचं मोठं काम आधी झालंय ते बघून घ्या, हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, ग्राइंडमिल साँग्स प्रोजेक्ट म्हणून नेटवर आहे, बाईंचे आवाज, नावं, गावं सगळं ऐकायला आणि बघायला मिळतं. काम कसं मांडायचं ते त्यातून शिकता येईल.

आणि घरच्यांचं. मिस्टर गुडघ्यांचं म्हणतात ते काळजीने म्हणतात, त्यांना कामात घ्या. माझ्या सौ. माझ्याबरोबर बंधाऱ्यांवर यायच्या, मी पाट मोजायचो आणि त्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलत बसायच्या, आणि पाण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणांची सगळी माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली, पुरुष माणसं मला ती सांगत नव्हती. तुमच्या बाबतीत उलटं होईल, बायका तुमच्याशी बोलतील, पण झोका बांधायला, गाडी चालवायला, कॅमेरा धरायला ते लागतील.

पैशाचं पण आधीच बोलून घ्या. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिप पूर्ण वेळ संशोधकांना असतात, नोकरीवर असताना ते धरू नका. म्हणजे फी, प्रवास, टायपिंग, बाइंडिंग सगळं पगारातून. फार मोठी रक्कम नसते पण घरात आधी माहीत असलेलं बरं.

पारोळ्याची_ताई

सर, नाना, ताई, जिभाऊ, काय बोलू. मी काल संस्थेच्या सेक्रेटरींना भेटले, एनओसीत त्या तिन्ही गोष्टी लिहून द्यायला तयार झाले, फक्त म्हणाले दहावीचा निकाल खाली जायला नको. तो नाही जाणार. नेटचा सिलॅबस मुलीने डाऊनलोड करून पाठवलाय, मराठीचा पेपर बघून धीर आला, पण पहिल्या पेपरातलं गणित आणि डेटाचे प्रश्न बघून नाही आला, ते मुलगा शिकवणार म्हणतोय.

मिस्टरांना नानांची पोस्ट वाचून दाखवली. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी विचारलं की झोका दोराचा लागेल का साखळीचा, साखळी वाजते, आवाजात येईल. मी म्हटलं दोराचा.

रविवारी माहेरी जातेय. आखाजीला वेळ आहे पण काकूसाठी आता थांबायचं नाही. जिभाऊ, शिरपूरला त्याच्या पुढच्या रविवारी आले तर आई घरी असतील का?

जिभाऊ_शिरपूर

असतीलच, कुठे जातात त्या. दुपारी चारनंतर या, आधी झोपतात. आणि त्यांचं माहेर थाळनेर, ते आत्ताच लिहून घ्या. झोका आमच्या मळ्यात बांधून ठेवतो, दोराचाच.

चाळीसगावची_लेक

ताई, फोनची मेमरी रिकामी करून जा, आणि पॉवर बँक न्या. व्हिडिओ लवकर भरतो.